मलिद्याचं ताट: नवगावच्या किनाऱ्यापासून दिमोनापर्यंत

मलिदा करायला फार काही लागत नाही. पोहे धुऊन निथळत ठेवायचे, ओला नारळ खवायचा, साखर, वेलची, बदाम, बेदाणे घालून सगळं हलक्या हाताने कालवायचं. मोठ्या ताटात त्याची रास करायची आणि भोवती फळं मांडायची. खजूर हवाच, केळी हवीत, बाकी हंगामात मिळेल ते. सोबत गुलाबाचं फूल किंवा सब्जाची डहाळी. मग पुरुष डोक्यावर टोप्या घालतात, हाझान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, 'एलियाहू हानाबी'चं, म्हणजे संदेष्टा एलियाचं, गीत सुरू करतो आणि सगळं घर सूर धरतं. गीत संपलं की एकेका पदार्थावर बेराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणायची. खजुरावर झाडाच्या फळाची. केळ्यावर मात्र जमिनीच्या पिकाची, कारण आमच्या यहुदी धर्मशास्त्राच्या लेखी केळ हे झाड नव्हे. वासाची बेराखा निराळी. लहानपणी ती डहाळी हुंगायची पाळी माझ्यापर्यंत येईस्तोवर मला दम निघत नसे.

बेने इस्राएलांच्या, म्हणजे आम्हा कोकणातल्या यहुद्यांच्या, घरात मलिदा होतो तो आभार मानायला. नवस फिटला, मूल झालं, लग्न ठरलं, नवं घर घेतलं, आजारातून कोणी उठलं की मलिदा. माझी आत्या साठच्या दशकात अलिबागहून इस्राएलला गेली. नेगेव वाळवंटातल्या दिमोना गावात तिला घर मिळालं, तेव्हा तिने तिथे पहिला मलिदा केला. ओला नारळ मिळाला नाही म्हणून सुक्या खोबऱ्यावर भागवलं, असं तिने पत्रात लिहिलं होतं. तिचा तो मलिदा नुसता घर मिळाल्याचा नव्हता. दोन हजार वर्षं रोजच्या प्रार्थनेत जे मागितलं ते मिळाल्याचा होता. तो समजायचा तर बरंच मागे जावं लागतं.

यहुदी धर्मात इस्राएलच्या भूमीबद्दल आभार मानायची एक फार जुनी रीत आहे. तोरा या आमच्या मूळ धर्मग्रंथाच्या पाचव्या पुस्तकात ती दिली आहे. शेतकऱ्याने पहिली फळं टोपलीत घालून यरुशलेमच्या मंदिरात न्यायची आणि याजकासमोर उभं राहून बोलायचं. काय बोलायचं? 'देवा, तुझे उपकार झाले' एवढंच नाही. त्याने इतिहास सांगायचा. माझा पूर्वज भटका अरामी होता, तो मिसरात गेला, तिथे आम्हाला गुलाम केलं, छळलं, आम्ही हाक मारली, देवाने बाहेर काढलं, या भूमीत आणलं, आणि आता हे बघ, या भूमीची पहिली फळं. म्हणजे आभार मानणं म्हणजे घडलेलं सगळं, वाईटासकट, क्रमाने सांगणं. मला ही रीत फार मोलाची वाटते, आणि पुढचं सगळं मी त्याच रीतीने सांगणार आहे.

इसवी सन ७० मध्ये टायटसच्या रोमन फौजेने यरुशलेम घेतलं आणि मंदिर जाळलं. १३५ मध्ये रोमनांविरुद्धचं बार कोखबाचं बंड मोडल्यावर सम्राट हेड्रियनने यहुद्यांना यरुशलेमात पाऊल टाकायला बंदी केली आणि प्रांताचं नावही बदललं. टोपली घेऊन जायला मंदिरच उरलं नाही, तेव्हा लोकांनी भूमी प्रार्थनेत नेऊन ठेवली. जेवणानंतरच्या आभाराच्या प्रार्थनेत एक अख्खा भाग भूमीसाठी आहे. घासभर भाकर मुंबईत खाल्ली तरी आभार त्या भूमीचेही. शब्बाथ (शुक्रवारी संध्याकाळी लागणारा विश्रांतीचा दिवस) आणि सणाच्या जेवणानंतर १२६वं स्तोत्र म्हणतात: परमेश्वराने सियोनच्या, म्हणजे यरुशलेमच्या, लोकांना परत आणलं तेव्हा आम्ही स्वप्नात असल्यासारखे झालो. आणि वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटल्याच्या सणाच्या, रात्री सेदेर हे विधीचं जेवण संपताना, 'पुढल्या वर्षी यरुशलेमात'.

भूमी पूर्ण रिकामी कधीच झाली नव्हती. गालीलात, तिबेरियात, हेब्रोनात यहुदी वस्ती कमी-जास्त होत टिकून होती. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेल्यांपैकी काही जण साफेदला पोचले आणि सोळाव्या शतकात ते डोंगरी गाव धर्मशास्त्र्यांचं माहेरघर झालं. योसेफ कारो तिथलेच, ज्यांच्या 'शुलहान आरुख'वर आजही घराघरातले नियम ठरतात. पण ही वस्ती थोडक्या लोकांची, आणि बरीचशी बाहेरून येणाऱ्या दानावर चालणारी. बाकी सगळे जगभर विखुरलेले.

त्या विखुरलेल्यांतले आम्ही. आमच्या लोकांत सांगतात त्याप्रमाणे एक गलबत चेऊल बंदराजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि नवगावच्या किनाऱ्याला लागल्या. समुद्राने आणून टाकलेली प्रेतं त्यांनी तिथेच पुरली. ते दफनस्थान आजही आहे. हे केव्हा घडलं याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही आणि मला त्यावर वाद घालायचा नाही. पोथ्या बुडाल्या, भाषा गेली, राहिली ती 'शेमा इस्राएल', म्हणजे 'ऐक, इस्राएला', ही प्रार्थनेची ओळ, आठव्या दिवशीची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खायचा नियम आणि शनिवारची सुट्टी. घाणा चालवून तेल काढायचा धंदा धरला आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिलं शनिवार तेली. ज्या गावात राहिले त्या गावाचं आडनाव घेतलं: किहीमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर, झिराडकर, नवगावकर. सणांना मराठी नावं पडली: नव्याचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण. बिरड्याचा सण म्हणजे मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस. उपास सोडताना वालाचं बिरडं असतं म्हणून त्याचं नाव तसं. रोमनांनी जाळलेल्या मंदिराचा शोक आणि कोकणातलं वालाचं बिरडं एका नावात बसलेलं मी आणखी कुठे पाहिलं नाही.

पुढे दाविद राहाबी नावाचा एक यहुदी आला, त्याने या तेल्यांना ओळखलं आणि शिकवलं, असं आमची परंपरा सांगते. बायकांपुढे वेगवेगळे मासे ठेवले, तर त्यांनी बिनखवल्याचे बाजूला काढले, ही त्याने घेतलेली परीक्षा. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल एझिकिएल दिवेकर, यांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनागृह, बांधलं. त्याचं नाव शाआर हाराहामीम, दयेचं द्वार. एकोणिसाव्या शतकात मराठी छापखान्यांनी मोठी कामगिरी केली. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा हिब्रू आणि मराठीत छापली गेली. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या सचित्र हगादेत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसून बसलेल्या आहेत. त्या चित्रापाशी मी दर वेळी थांबतो. मिसरातून सुटल्याची गोष्ट, आणि ती सांगणाऱ्या बायका बसल्या आहेत आपल्या आजीसारख्या.

इकडे हे चाललेलं असताना तिकडे भूमी पुन्हा कसायला सुरुवात झाली होती. १८७८ मध्ये पेताह तिकवा, १८८२ मध्ये रिशोन लेत्सियोन. रशियातल्या दंगलींतून निघालेली तरुण मुलं, ज्यांनी जन्मात नांगर धरला नव्हता, ती दलदलीत उतरली. कितीतरी मलेरियाने गेली. १८८१ मध्ये एलिएझेर बेन येहुदा यरुशलेमला आला आणि त्याने घरात हिब्रूच बोलायचं ठरवलं. शतकानुशतकं प्रार्थनेत आणि ग्रंथात राहिलेली भाषा, तिच्यात पोराला दूध हवंय का विचारायचं! त्याचा मुलगा हा कित्येक शतकांनंतर हिब्रू मातृभाषा म्हणून बोलणारा पहिला, असं मानतात. १८९७ मध्ये बाझलला पहिली झायोनिस्ट परिषद, म्हणजे सियोनला परतू पाहणाऱ्यांची परिषद, भरली, १९०९ मध्ये वाळूच्या टेकड्यांवर तेल अवीव वसू लागलं. मग युरोपात साठ लाख यहुद्यांची कत्तल झाली. त्याबद्दल इथे दोन ओळींत लिहिणं मला जमणार नाही.

१४ मे १९४८, शुक्रवार, यहुदी पंचांगाप्रमाणे ५ इय्यार. शब्बाथ लागायच्या आत उरकायचं म्हणून दुपारी चारला तेल अवीवच्या संग्रहालयात समारंभ सुरू झाला. पहिले पंतप्रधान बेन गुरियन यांनी इस्राएल राज्याची घोषणा वाचली आणि धर्मगुरू, म्हणजे रब्बी, येहुदा लेब फिशमन यांनी शेहेहेयानूची बेराखा म्हटली: ज्याने आम्हाला जिवंत ठेवलं, सांभाळलं आणि या घटकेपर्यंत आणून पोचवलं, तो धन्य. मला हे वाचताना भरून येतं याचं कारण साधं आहे. ही बेराखा राज्य स्थापनेसाठी रचलेली नव्हे. ती सणाची, नव्या फळाची बेराखा आहे. आमची आजी वर्षातला पहिला आंबा कापताना हीच म्हणायची. दोन हजार वर्षांनी देश उभा राहिला तेव्हाही म्हणायला तेच शब्द सापडले, आणि ते पुरले.

दुसऱ्या वर्षापासून प्रश्न आला की दरवर्षी या दिवशी आभार मानायचे कसे. मुख्य रब्बींच्या मंडळाने ५ इय्यारला हालेल, म्हणजे ११३ ते ११८ ही स्तुतीची स्तोत्रं, म्हणायचं ठरवलं. त्यावर वाद झाला आणि अजून आहे. कोणी हालेल बेराखेसकट म्हणतात, कोणी बेराखेशिवाय, कोणी म्हणतच नाहीत, कारण त्यांच्या मते मुक्ती मसीहाच्याच, म्हणजे देव पाठवणार असलेल्या तारणाऱ्याच्याच, हातून यायची आहे. १९४८ मध्येच मुख्य रब्बी हेर्झोग आणि उझिएल यांच्या नावाने राज्यासाठीची प्रार्थना प्रसिद्ध झाली. तिच्यात राज्याला मुक्तीचा पहिला कोंब फुटणं असं म्हटलं आहे. कोंबच, झाड नाही. मला तो शब्द अगदी नेमका वाटतो. आभार मानायचे, पण सगळं पुरं झालं असं म्हणायचं नाही.

आणि इतिहास सांगायचाच तर तो अर्धा सांगता येत नाही. ज्या वर्षासाठी आम्ही हालेल म्हणतो त्याच वर्षाला पॅलेस्टिनी अरब नकबा म्हणतात, म्हणजे आपत्ती. त्या युद्धात त्यांच्यातले सुमारे सात लाख लोक घरादाराला मुकले. सेदेरच्या रात्री मिसरावरच्या दहा पीडांची नावं घेताना प्रत्येक नावाला प्याल्यातून थेंबभर द्राक्षारस बाहेर काढतात. आपली सुटका होताना दुसऱ्याला दुःख झालं, म्हणून आपला प्याला तेवढा उणा, असा त्याचा अर्थ वडील मंडळी सांगतात. ही चाल मिसरासारख्या शत्रूच्या बाबतीत पाळतात, तर शेजाऱ्याच्या बाबतीत ती विसरून चालणार नाही. आज तिथून ज्या बातम्या येतात त्या वाचताना हा थेंब मला रोज आठवतो.

१९४८ मध्ये तिथे साडेसहा लाखांच्या आसपास यहुदी होते. पुढच्या साडेतीन वर्षांत जवळपास तितकेच, सात लाखांना जरा कमी, बाहेरून आले. छळछावण्यांतून वाचलेले, येमेन, इराक, रोमानिया, मोरोक्कोतून आलेले. तंबूंच्या आणि पत्र्याच्या छावण्या उभ्या राहिल्या. जुलै १९५० मध्ये परतीचा कायदा झाला, कोणाही यहुद्याला येऊन राहायचा हक्क मिळाला. त्या गर्दीत कोकणातून, मुंबईतून गेलेली पहिली काही शे माणसंही होती.

आमच्या जाण्यात एक वेगळेपण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय आभार पुरे होत नाहीत. येमेनचे, इराकचे, पोलंडचे लोक बव्हंशी जीव मुठीत धरून निघाले. आम्हाला कोणी हाकललं नव्हतं. अलिबागच्या इस्राएल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग आहे, आणि शतकानुशतकं तिथल्या शेजाऱ्यांनी आम्हाला कधी परकं केलं नाही. तेल काढणारे पुढे पलटणीत गेले, रेल्वेत, टपालात, कस्टममध्ये कारकून झाले, डॉक्टर झाले. डॉ. ई. मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. इंग्रज गेल्यावर नोकऱ्यांची चिंता होती हे खरं, नातेवाईक गेले म्हणून गेले हेही खरं. पण मुळात त्यांना बोलावून नेलं ते हगादेतल्या 'पुढल्या वर्षी यरुशलेमात' या शेवटच्या ओळीने. म्हणून आमच्या लोकांचे आभार दोन दिशांना जातात, आणि इस्राएलमधल्या कुठल्याही म्हाताऱ्या बेने इस्राएल माणसाशी पाच मिनिटं बोललात तर ते त्याच्याच तोंडून ऐकाल.

पोचल्यावर मात्र स्वप्नाला धक्के बसले. कामं मिळाली ती अंगमेहनतीची, घरं मिळाली ती वाळवंटाच्या कडेला. रंगावरून वागणूक बदलते अशी तक्रार होती. १९५१ पासून काही कुटुंबांनी धरणं धरलं आणि आम्हाला परत भारतात पाठवा अशी मागणी केली. १९५२ मध्ये शंभराहून अधिक जणांना विमानाने परत आणलं गेलं. त्यांतले बरेच पुढे पुन्हा इस्राएललाच गेले. मुंबईत उतरल्यावर त्यांना कळलं असावं की आता आपण इथलेही पूर्वीसारखे उरलो नाही.

त्याहून खोल जखम झाली ती १९६२ मध्ये. मुख्य रब्बींच्या मंडळाने आदल्याच वर्षी बेने इस्राएलांशी विवाहाला हरकत नाही असा निर्णय दिला होता. पण फेब्रुवारी १९६२ मध्ये विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना गेल्या: वधू किंवा वर बेने इस्राएल असेल तर आई-वडील, आजी-आजोबा, जमेल तितक्या पिढ्या मागे जाऊन चौकशी करा. शंका ही की शतकं एकटं पडलेल्या या लोकांत घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले असतील का, बाहेरचं रक्त मिसळलं असेल का. ज्यांनी पोथी नसताना शेमा जपला, त्यांना लग्नाच्या वेळी विचारलं गेलं की तुम्ही खरंच आमचे का. हा अपमान आमच्या लोकांनी गिळला नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातून बेने इस्राएल यरुशलेमला जमले, बायकापोरांसह उघड्यावर बसले. १७ ऑगस्टला संसदेचं खास अधिवेशन बोलावलं गेलं. लेवी एश्कोल यांच्या सरकारने जाहीर केलं की बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत आणि त्यांच्यात व इतरांत काही भेद नाही. महिना संपायच्या आत रब्बींच्या मंडळाने त्या सूचनांतून बेने इस्राएलांचं नाव काढलं.

माझी आत्या यानंतरची. तिला या सगळ्याची माहिती होती, आणि तरी ती गेली. मी एकदा तिला विचारलं होतं की इतकं होऊनही आभार कसले. ती म्हणाली, "आपल्या घरात भांडलो. परक्याच्या घरात कोण भांडतो?"

तालमुद या जुन्या धर्मग्रंथात लिहिलं आहे की चौघांनी आभार मानलेच पाहिजेत: जो समुद्र ओलांडून आला, जो वाळवंट पार करून आला, जो आजारातून उठला आणि जो कैदेतून सुटला. त्याला १०७व्या स्तोत्राचा आधार आहे, आणि त्यासाठीची वेगळी बेराखा आजही सिनेगॉगमध्ये म्हणतात. मंदिर होतं तेव्हा असा माणूस आभाराचं अर्पण आणायचा, सोबत भाकरी असायच्या. आमचे जुने लेखक, विशेषतः हाईम सॅम्युएल किहीमकर, मलिद्याचं मूळ मंदिरातल्या अर्पणांत शोधतात. मलिदा हा शब्द फारसी आहे आणि कोकणात दर्ग्यावरही मलिदा चढतो, हेही खरं. मला दोन्हींत विरोध दिसत नाही. विधीचा अर्थ त्यांनी यरुशलेमहून जपला असेल, शब्द शेजाऱ्याकडून घेतला असेल, आणि पोहे तर आमच्याच शेतातले.

एलियाहू हानाबी म्हणजे संदेष्टा एलिया. तो मसीहाच्या आधी येऊन वर्दी देणार अशी यहुद्यांची श्रद्धा. आमच्याकडे तो त्याआधीच एकदा येऊन गेला. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, त्यावर खुणा आहेत. त्याच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या त्या खुणा, असं आम्ही मानतो. नवस बोलायचा तिथे, फेडायचा तिथे. तू बिश्वातला, म्हणजे झाडांच्या नव्या वर्षाला, आमच्याकडे एलियाहू हानाबीचा ऊरूस. त्या दिवशी मुंबई-ठाण्याहून माणसं खंडाळ्याला येतात आणि खडकापाशी मलिदा होतो. २०११ च्या जनगणनेत सगळ्या भारतात साडेचार हजारांच्या आसपास यहुदी उरले होते, त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

इस्राएलमध्ये गेलेल्यांनी खडक मागे ठेवला, पण एलियाला नाही. हैफा शहरात कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी एलियाची गुहा आहे. बायबलमधला एलिया ज्या डोंगरावर उभा राहिला तोच हा कार्मेल. दिमोना, लोद, रामले, अश्दोद, बेर शेवाहून बेने इस्राएल तिथे जातात, मलिद्याची ताटं घेऊन. दिमोनात आता भारतीय वाणसामानाची दुकानं आहेत, पोहे-खोबऱ्याची अडचण राहिलेली नाही. मराठी अजून बोलली जाते, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघत आलं आहे, १ मेला महाराष्ट्र दिन होतो.

आत्या गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्या नातवाने मागच्या ऊरूसाला गुहेजवळून व्हिडिओ पाठवला. तो हिब्रूत बोलतो, मराठी त्याला समजते पण जमत नाही. ताटावर झाडाच्या फळाची बेराखा झाली, मग त्याने केळ उचललं आणि कॅमेऱ्याकडे बघून, मला म्हणून, मराठीत म्हणाला, "हे जमिनीचं."